पेपर साडेसहालाच का पाहिजे

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तक्रार एवढीशीच आहे, आमच्या गल्लीत तुमचा पेपर पूर्वी सकाळी साडेसहाला यायचा, तो गेल्या तीन आठवड्यांपासून सव्वाआठ, कधी साडेआठला येतोय. तुम्ही म्हणाल यात काय एवढं, मोबाईलवर वाचा की. मी पण दोन महिन्यांपूर्वी हेच म्हटलं असतं. पण मधे सहा आठवडे मी घरात पडून होते आणि त्या सहा आठवड्यांत मला कळलं की आमच्या घरात एका माणसाचा अख्खा दिवस त्या पेपरच्या खुंटीला टांगलेला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोठं झालं तर कापा, पण शेवटचं कापू नका.

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. डिसेंबरच्या वीस तारखेला ऑफिसच्या जिन्यावर नुकती फरशी पुसलेली, माझ्या हातात दोन लेजर आणि चप्पल गुळगुळीत झालेली, चप्पल बदलायची बदलायची म्हणून दिवाळीपासून चाललं होतं. शेवटच्या दोन पायऱ्या मी उतरले नाहीच, त्याच आल्या माझ्या अंगावर. उजव्या पायाचा घोटा फ्रॅक्चर. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. आमचं घर मंगळवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ४२ पायऱ्या. मला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं, अगदी पालखी निघाल्यासारखं, खालच्या दुकानदाराने तर हात पण जोडले. तिथून पुढं मी घरात.

पहिले तीन-चार दिवस खरं सांगू का, मजाच वाटली. तेवीस वर्षांत एवढी सुट्टी कधी मिळाली नव्हती. बाळंतपणाची पण धरून सांगते. मग हळूहळू सगळं सैल झालं. उठायचं कशाला, ऑफिस कुठंय, म्हणून नऊला उठायचं. चहा झाला की मोबाईल, मोबाईल झाला की झोप, दुपारी दोन तास झोपलं की रात्री झोप कशी येणार, मग एक-दीडपर्यंत रील्स, त्यात ते स्वयंपाकाचे आणि साड्यांचे व्हिडिओ, परत सकाळी डोकं जड. चहा सहा-सहा वेळा, कारण कंटाळा आला की दुसरं मागणार काय. अंघोळ कधी अकराला, कधी टाळाटाळ. दिवसभर तोच गाऊन. पोट साफ नाही. मला शुगरचा बॉर्डरचा त्रास आहे, ती तपासली तर वाढलेली. आणि चिडचिड तर विचारू नका, आमचे हे एकदा चहापावडरीचा डबा कुठंय म्हणून विचारायला आले तर मी रडले. डबा समोरच होता.

वर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने पायाचं सूप आणलं. कोल्हापूर आहे, हाड मोडलं की पायाचं सूप, यात कुणाचं दुमत नाही. एका आठवड्यात चार डबे. तपासायला गेले तेव्हा डॉक्टर हसले, म्हणाले सुपानं तोंडाला चव येईल पण त्यात कॅल्शियम फारसं नसतं, त्यापेक्षा दूध, तीळ, नाचणी घ्या, शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. हे मी घरी येऊन सांगितलं तर ह्यांच्या मावशी आजपर्यंत त्या डॉक्टरवर नाराज आहेत.

आता मूळ मुद्दा. आमच्या सासूबाई, आम्ही आत्ती म्हणतो, वय ८१. दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळं गेली चार वर्षं त्या खाली उतरलेल्या नाहीत. म्हणजे अगदीच म्हटलं तर तीन वेळा, दोनदा दवाखाना आणि एकदा नातीचं लग्न, तिन्ही वेळा खुर्चीवरून. एके काळी दर चैत्राला जोतिबाला चालत जाणारी बाई ती. तर ही बाई चार वर्षं माझ्याच घरात कोंडलेली होती आणि मी सकाळी साडेनऊला डबा घेऊन पळायची ते संध्याकाळी साडेसहाला परत, मला वाटायचं आत्ती काय, बसलेल्या असतात. दिवसभर तुम्ही काय करता असं मी त्यांना एकदा पण विचारलेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते पण खरं ते खरं.

दहाव्या-अकराव्या दिवशी माझी पहाटेच झोप मोडली, पाय ठणकत होता. बघते तर आत्ती अंथरुणातच पडल्या पडल्या पाय वर-खाली करत होत्या, पंजे पुढं, पंजे मागं, तोंडानं मोजत, एकवीस. मग मुठी उघड-मीट. मग उठून पलंगाच्या काठावर नुसत्या बसल्या, चांगली दोनेक मिनिटं, आणि मग वॉकर धरून उभ्या राहिल्या. मी विचारलं बसलात का मधेच. तर म्हणाल्या, "एकदम उठलं की गरगरतंय. रगात खाली गेल्यालं असतंय, त्याला वर याला जरा येळ द्याय नको?" नंतर माझ्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले बरोबर आहे, झोपेतून एकदम उठल्यावर बीपी खाली येतं आणि म्हातारी माणसं त्यातच पडतात. आत्तींना हे कुणी शिकवलं नव्हतं, एकदा पडता पडता वाचल्या त्यातून शिकल्या.

त्या दिवसापासून मला दुसरं काही कामच नव्हतं म्हणून मी आत्तींचा दिवस बघायला लागले. पाचच्या सुमाराला वारा इकडचा असला तर अंबाबाईच्या देवळातली घंटा ऐकू येते, ती त्यांची उठायची वेळ. ऐकू आली नाही तरी उठतात, म्हणतात वाजलीच असणार. मग तोंड धुणं, वेणी, आणि पातळ बदलायचं. रात्रीचं वेगळं, दिवसाचं वेगळं. कुठं जायचं नाही, कुणी यायचं नाही, तरी बदलायचंच. मी दहा दिवस एकाच गाऊनमध्ये होते ते त्यांनी बघितलं होतं पण बोलल्या नव्हत्या. साडेसहाला पेपर. सात पाचला रेडिओवर पुण्याच्या बातम्या, पेपरमधलंच परत ऐकायचं आणि "हे आलंया की पेपरात" म्हणायचं, यात त्यांना काय आनंद मिळतो देव जाणे. आठला पूर्वेच्या खिडकीत खुर्ची. मग भाजी निवडणं, शेंगा सोलणं, लसूण सोलणं, आमच्या घरातली एकूण एक भाजी त्या निवडतात आणि मला वाटायचं भाजी आपोआप निवडलेली असते. दुपारी डुलकी काढतात पण अंथरूण घालत नाहीत, आरामखुर्चीतच, अर्धा तास. तीन वाजता फोन, रोज एकच, आणि वारावर ठरलेला, सोमवारी कागलची बहीण, मंगळवारी भाची, बुधवारी जुनी शेजारीण, असं शनिवारपर्यंत. रविवारी कुणालाच नाही, त्या दिवशी म्हणे त्यांनी आपल्याला करायचा. चारला शेजारचा चौथीतला पोरगा पाढे म्हणायला येतो, त्याला आता पावकी-निमकी चालू आहे. त्याच्या शाळेत कुणी विचारत नाही पण आत्ती विचारतात. पाच वाजता हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत वॉकर घेऊन फेऱ्या. फेऱ्या विसरायला होतात म्हणून दोन वाट्या, एकीत दहा चिंचोके, एक फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. आठच्या आत जेवण, साडेनऊला दिवा बंद. आणि शुक्रवारी चांगलं पातळ, का तर देवळात आज पालखी. जायचं नाही, दिसत नाही, पण आज पालखी आहे.

मला एकदम २०२० आठवलं. लॉकडाऊन २५ मार्चला लागला आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या मुलानं फ्रीजवर टाइमटेबल चिकटवलं होतं, स्केचपेननं, पाच रंगांत. साडेपाच ते सहा योगा, सहा ते सात वाचन, सात ते आठ नवीन भाषा, दुपारी घरातल्या सगळ्यांची चर्चा. चर्चा कसली, भांडणं. चार दिवस चाललं. त्या कागदावर नंतर कितीतरी महिने दूधवाल्याचा हिशोब होता. तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत वेळेवर होणारी एकच गोष्ट होती, दूरदर्शनवर सकाळी नऊला आणि रात्री नऊला लागणारं रामायण. त्याच्या आत अंघोळ-चहा उरकायचं म्हणजे उरकायचंच. कारण ते कुणासाठी थांबत नव्हतं. मुलाचं टाइमटेबल आम्ही बनवलेलं, त्यामुळं ते आमच्यासाठी थांबायला तयार होतं, आणि थांबलं ते थांबलंच.

आत्तींच्या दिवसात बघा, घंटा, पेपर, रेडिओ, ऊन, फोनची वाट बघणारी बहीण, पाढे म्हणणारा पोरगा, यातली एक पण गोष्ट त्यांच्या मनावर अवलंबून नाही. सगळं बाहेरून येतं, आपल्या वेळेला येतं, आणि त्यांना तयार राहायला लागतं. मधला वेळ मोकळाच आहे, त्यात त्या काय पण करतात, नाही पण करत. मी मात्र प्रत्येक गोष्ट 'बघू, वाटलं की करू' वर ठेवली होती. घरात अडकलेल्या माणसाला वाटतच नाही ना पण काही.

हे मी मुलाला फोनवर सांगितलं, तो पुण्याला असतो. तो म्हणाला आई, याला तर २०१७ चं नोबेल मिळालंय. आत्तींना नव्हे, शरीरातल्या घड्याळाला. हॉल, रॉसबॅश आणि यंग असे तीन अमेरिकन शास्त्रज्ञ, त्यांनी फळमाश्यांवर अभ्यास करून पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते शोधलं. आणि ते घड्याळ रोज जुळवायला मुख्य लागतो तो सकाळचा उजेड. घरातल्या बल्बचा उजेड दोन-तीनशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतो आणि बाहेर सावलीत सुद्धा दहा हजाराच्या आसपास, आपल्या डोळ्याला फरक कळत नाही पण त्या घड्याळाला कळतो. मग त्यानं एक गोष्ट सांगितली. फ्रान्सचा मिशेल सिफ्र म्हणून एक तरुण, वय २३, १९६२ मध्ये आल्प्सच्या डोंगरात बर्फाच्या गुहेत दोन महिने एकटा राहिला, घड्याळ नाही, ऊन नाही, काही नाही. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तर त्याच्या हिशोबानं २० ऑगस्टच होता. पंचवीस दिवस गायब! मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आत्तींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "का, त्याला पेपर येत नव्हता व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून मी आठला त्यांच्या खिडकीत माझी खुर्ची लावली. पाय स्टुलावर उशीवर, कारण तो खाली लोंबकळला की सुजायचा. आत्ती काच उघडायला लावायच्या, थंडी वाजली तरी. मी म्हटलं ऊन येतंय की काचेतून. तर मुलानं सांगितलं की काचेतून ऊब येते पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते, म्हणजे आत्तीच बरोबर. जानेवारीत ते ऊन आधी फरशीवर येतं, मग माझ्या प्लास्टरवर, मग हळूहळू मांडीवर, आणि आठ-चाळीसच्या सुमाराला बरोबर आत्तींच्या चेहऱ्यावर. ३१ जानेवारीला अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर येतात तो, सुरू झाला तेव्हा आत्ती म्हणाल्या, "देवीचा तीन दिवसांचा, पहिल्या दिवशी पाय, मग छाती, मग मुख, आणि माझा एका तासात रोजच." आम्ही दोघी किती वेळ हसत होतो. लग्नाला २६ वर्षं झाली, सासू-सुना अशा हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

बाकी फार काही केलं असं नाही. सकाळी कपडे बदलायला लागले. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम, पायाची बोटं हलवणं, गुडघा सरळ ठेवून पाय उचलणं, मांडी आवळून धरणं, ते आत्तींच्या एकवीसबरोबर लावून घेतले, त्या तिकडं आणि मी इकडं. दुपारची झोप खुर्चीत. मोबाईल साडेनऊला ह्यांच्याकडे. भाजी निवडायला दोघी. ऑफिसच्या एका मैत्रिणीला सांगितलं तू रोज साडेपाचला सुटल्यावर मला फोन करायचा, दोन मिनिटं, काही नसलं तरी. तिनं पण मनापासून पाळलं, एक दिवस फोन आला नाही तर मीच घाबरले.

खाण्याचं मात्र ह्यांच्या काकांनी सुधारलं. काका जुने पैलवान, तालमीत आयुष्य गेलेलं, बघायला आले आणि माझ्या पुढ्यातला शिऱ्याचा बाऊल बघून म्हणाले, "पोरी, मेहनत बंद तर खुराक बंद. आमच्यात पोरगं दुखावलं की वस्ताद आधी त्याचं तूप आन थंडाई थांबवायचा, मग मलम." मेहनत थांबली आणि खुराक तसाच राहिला की पैलवानाचं पोट सुटतं, हे आपण कोल्हापुरात कितीतरी बघितलंय, पण स्वतःला कोण लावून बघतो. भात निम्मा केला, चहा दोनवर आणला, तोही साखरेशिवाय. जाताना काका दोन पाण्याच्या बाटल्या भरून देऊन गेले, हात तरी चालू दे म्हणून. पंधरा दिवसांनी शुगर खाली आली. चिडचिड पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पंचगंगेच्या पुराची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, पावसाळ्यात आत्ती हे आकडे तुमच्या पेपरातून रोज वाचून दाखवतात, तर आता मी कुकरचं झाकण आदळल्यासारखं बोलायला लागले की त्या ह्यांना हळूच सांगायच्या, "एकोणचाळीसला आली रं, तू बाहेर फिरून ये जरा."

यानिमित्तानं एक सांगते, राग मानू नका. तुमच्या पुरवणीत आदर्श दिनक्रम म्हणून जे लेख येतात ते सगळे 'सकाळी उठून पाच किलोमीटर चाला', 'रंकाळ्याच्या मोकळ्या हवेत' इथून सुरू होतात. रंकाळा आहे हो, पण आमच्या ४२ पायऱ्या उतरून मग आहे. या शहरात दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या घरांत किती म्हातारी माणसं, किती बाळंतिणी, किती प्लास्टरवाले बसून असतील, त्यांच्यासाठी कधीतरी लिहा. आणि लिहून घ्यायला डॉक्टरबरोबर एखाद्या आत्तीकडं पण जा. दुसरं, शब्दकोड्याचे चौकोन इतके बारीक करू नका, आत्ती भिंग घेऊन सोडवतात आणि तरी उभा आडव्यात जातो.

प्लास्टर निघालं. पोटरी बघवत नव्हती, काठीसारखी झाली होती, डॉक्टर म्हणाले न वापरलेला स्नायू असाच वाळतो, भरून येईल, फिजिओथेरपी चालू आहे. गेल्या सोमवारपासून मी ऑफिसला जायला लागलेय, जिना बसत बसत उतरते, नवीन चप्पल घेतली. आठची खुर्ची लावायला शेजारची मुलगी येते, कॉलेजला जाता जाता. मीच सांगितलंय.

आणि आता पेपर. साडेसहाला तो आला नाही की आत्ती दाराकडे तोंड करून बसतात. सात पाचच्या बातम्या लागतात पण "हे आलंया की पेपरात" म्हणता येत नाही म्हणून रेडिओ बंद करतात. आठला खुर्ची लावली तर म्हणतात थांब, पेपर येऊ दे, आणि पेपर येऊन वाचून होईपर्यंत ऊन खिडकीतून वर सरकलेलं असतं. मग भाजी उशिरा, डुलकी लांबते, परवा तर तीनचा फोन राहिला आणि कागलहून बहिणीचा घाबरून फोन आला की अक्का बरी आहे ना. मी टाकणाऱ्या मुलाला विचारलं, त्याचा काही दोष नाही, गठ्ठाच त्याला उशिरा मिळतो म्हणतो, त्याचं पण कॉलेज आहे. त्याला बोलू नका. गठ्ठा लवकर सोडता येतो का एवढं बघा.

नाव छापू नका, ऑफिसमध्ये त्या फरशीवरून आधीच बरंच झालंय.

आपली वाचक,
(आणि आत्तींच्या वतीनं)
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता.क. आत्ती विचारतायत, रविवारच्या कोड्यात आडवा सात 'उखळ' च होतं ना? उत्तर छापलेलं पान त्या दिवशी आलंच नाही.